आपली बाटली

बीअरला कुणी दारू म्हटलं की माझं डोकं फिरतं. साताऱ्याहून वाईकडं जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये मी 'निवांत' नावाची बीअर करायला घेतली, तेव्हा गावातल्या बायका कामाला यायला तयार नव्हत्या. "दारूच्या कामाला आमी न्हाई येनार," राहीबाईंनी तोंडावर सांगितलं. मग मी त्यांच्या ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. ही दारू नाही हो, बीअर आहे. सांगलीचा गूळ आहे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहे. शेवटी त्या आल्या आणि त्यांच्यामागून निम्मी आळी आली.

लेबल सांगलीच्या अतिशय चौगुले नावाच्या चित्रकारानं काढलं. स्वतः थेंबाला शिवत नाही, पण चित्र असं काढलं की बघणाऱ्याला तिथंच लवंडावंसं वाटावं: उसाच्या सावलीत आडवी पसरलेली बाटली. टेम्पोवर, पाटीवर, बायकांच्या एप्रनवर, सगळीकडं तीच. परवान्यासाठी मी चपला झिजवल्या, प्रत्येक टेबलावर "बाई असून हा धंदा?" ऐकून घेतलं. आता कुठं महाबळेश्वरची हॉटेलं स्वतःहून फोन करत होती, नव्या टाकीसाठी बँक तयार झाली होती. नेमकं तेव्हाच गावात दारूबंदीसाठी बायकांचं मतदान लागलं.

स्टँडजवळच्या नानासोंच्या देशी दारूच्या दुकानाला बायका विटल्या होत्या. विटणारच. त्या दुकानानं कितीक संसार धुळीला मिळवले. मीही खुशीनं त्याला टाळं ठोकलं असतं. पण मतपत्रिकेवरची आडवी बाटली, म्हणजे बंदी, जिंकली तर गावातले सगळेच परवाने बंद, माझासुद्धा. उभी जिंकली तर मीही राहणार आणि नानासोही. त्या माणसाच्या बाजूनं उभं राहायची वेळ आपल्यावर यावी, याचा नुसता संताप संताप झाला. परवाना देणाऱ्या साहेबांना जाऊन सांगितलं, बीअर वेगळी, दारू वेगळी. ते म्हणाले, "अंकिता मॅडम, कायद्याला सगळ्या बाटल्या सारख्याच."

"उभ्या बाटलीवर शिक्का मारा" असं बायकांना सांगायला माझी जीभ रेटेना. कुणाकुणाचा नवरा रोज त्याच दुकानापुढं पडलेला असायचा. म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी मी एवढंच म्हणाले, "उद्या आपल्या बाटलीला विसरू नका."

"आवं ताई, हे काय सांगाया लागतंय व्हय?" राहीबाई म्हणाल्या.

आडवी बाटली जिंकली. तीही जेमतेम. माझ्या शेडमधल्या बायकांनी साथ दिली असती, तरी निकाल फिरला असता. मी गुळाच्या ढेपांशेजारी बसून राहिले. यांच्या पगारासाठी, यांच्या पोरींच्या शिक्षणासाठी मी किती धावले, आणि यांनीच मला बुडवलं, असं मनात येऊन डोळे भरले.

तेवढ्यात गुलालानं माखलेल्या बायका हसत शेडमध्ये शिरल्या. राहीबाईंनी सरळ माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"ताई, जिकलो! नानासोचं दुकान बी गेलं आन आपली बाटली बी आली. येकाच शिक्क्यात दोन कामं!"

"आपली बाटली?"

त्यांनी पदर बाजूला सारून एप्रनवरच्या चित्रावर बोट ठेवलं. "मताच्या कागदावर डिट्टो हीच व्हती. शालूबाईला नीट दिसत न्हाई, तिला मी आधीच सांगून ठिवलेलं, आपली ती झोपल्याली."

"अहो राहीबाई, आता आपलं कामही बंद होणार!"

"आपलं कसं काय? बंदी दारूला हाय. ही दारू न्हाई, तुमीच तर सांगितलंत की."

मला किंचाळायचं होतं, पण पेढा ना गिळवेना, ना थुंकवेना. दारात टेम्पोपुढं बायका फुगड्या घालत होत्या.

राहीबाईंनी पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "उद्या जरा लवकरच येऊ न्हवं? ऑर्डर लय हाय."