मोठं अक्षर हवंच

यानिनाला मूर्ख माणसांचा राग येत नसे. मूर्ख असून वर ऐट मिरवणाऱ्यांचा मात्र यायचा. मोन्तेविदेओतल्या एल फारोल क्लबाचे अध्यक्ष लारोसासाहेब आणि त्यांचा लाडका जावई फाबियान हे दोघं त्या दुसऱ्या प्रकारातले.

क्लबाच्या मागे बोचास या जड गोळे टाकायच्या खेळाची मातीची लांब पट्टी होती. यानिनाची आई गेल्यापासून तिचे वडील आतिलियो रोज दुपारी तिथे गोळे टाकायला यायचे आणि दिवसभरात काय बोलायचं ते तिथेच बोलायचे. पट्टी गेली तर बाबा घरात गप्प बसून संपतील, हे यानिनाला स्वच्छ दिसत होतं. आणि ती पट्टी उखडून गाड्यांना जागा करायची टूम लारोसासाहेबांनी काढली होती. सभासदांनी मत द्यायचं, तेही जावयानं बनवलेल्या वेबसाइटवर.

यानिना बँकेत साइटची सुरक्षा तपासायचंच काम करायची. तिनं मतदानाआधी साइट तपासली आणि कपाळाला हात लावला. पासवर्ड ठरवताना साइट दरडावायची, एक मोठं अक्षर हवंच, आकडा हवाच. मग झाडून सगळ्यांनी काय ठेवलं? क्लबाचं नाव, पहिलं अक्षर मोठं, पुढे स्थापनेचं साल. या शहरात माणूस एकवेळ बायको बदलेल, क्लब नाही. त्याला दुसरं काही सुचणार कुठून? आणि कहर म्हणजे, आत शिरताना साइट मोठं-लहान बघायचीच नाही. कसंही खरडा, दार उघडं. सोबत लागणारे सभासद क्रमांक तर प्रत्येकाच्या नावासकट दालनाच्या भिंतीवर रंगवलेले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

"मोठं अक्षर मागतोस कशाला रे?" तिनं फाबियानला विचारलं.

"सुरक्षेसाठी."

"आणि मग त्याच्याकडे बघत का नाहीस?"

"म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी. तक्रारी बंद झाल्या बघ." त्याची मान अशी ताठ, की जणू त्यानं धरण बांधलंय.

सासरेबुवांनी काखेतला थर्मास सावरत 'माते' या कडू चहाचा घोट घेतला. "पोरी, बँकेत राहून तुला जिकडेतिकडे चोर दिसायला लागलेत. इथे सगळी घरचीच माणसं." आणि भर सभेत त्यांनी ठणकावून सांगितलं, "साइटमध्ये काडीची खोट नाही. माझा शब्द आहे."

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी दालनातल्या पडद्यावर निकाल लागला. झाडून सगळी मतं पट्टी राखायच्या बाजूनं. गेल्या हिवाळ्यात वारलेल्या खजिनदारानंसुद्धा तेच मत दिलं होतं. लारोसासाहेब शेवटी ऐटीत मत द्यायला गेले, तेव्हा साइटनं त्यांना कळवलं होतं, की आपलं मत आधीच मिळालं, आभारी आहोत. तेही पट्टीलाच.

त्यांनी यानिनाला कोपऱ्यात ओढलं. कपाळावर घाम आला होता. "तू जाणकार आहेस. तूच सांग ना सभेला, साइट फुटकी आहे म्हणून."

"मी कसं सांगू साहेब? इथे सगळी घरचीच माणसं. वर तुमचा शब्द."

फाबियान पंख्याकडे बघत उभा होता. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलावं तर जावई उघडा पडतो आणि स्वतःचा शब्दही. लारोसासाहेबांनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि निकाल जाहीर केला. टाळ्या वाजल्या, त्यांनाही वाजवाव्या लागल्या.

यानिना मागच्या अंगणात गेली. आतिलियो बाकावर बसून फडक्यानं गोळा पुसत होते. शेजारी त्यांचा जुना फोन पडला होता.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मला काय कळतंय त्यातलं," आतिलियो गोळा उजेडाकडे धरून म्हणाले. "मोठं अक्षर कुठून काढतात, ते मला अजून सापडलेलं नाही."