झुंबरबाईंच्या पैंजणांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची टाकी आहे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा! कोणी टिचकी मारली तरी गल्लीभर ऐकू जाते. त्यामुळे गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

माझा जन्म १९९६ साली कोल्हापुरातल्या एका शेडमध्ये झाला. आकाराम मिस्त्रींनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वाकवला, सांधे जोडले आणि गळते का ते पाहायला मला काठोकाठ भरून ठेवलं. शेजारी लोखंडी टाकी होती, तीही भरलेली. ती माझ्या दीडपट मोठी आणि बाहेरून लालभडक, म्हणून मी तिला लाली म्हणायचे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्याकडेच वळायचं. माझा जळफळाट व्हायचा!

एके दिवशी हुपरीहून बाळासो आणि त्यांची बायको झुंबरबाई आले. घरी दोघांचं चांदीच्या पैंजणांचं काम. पैंजण रिठ्याच्या पाण्यात घासून चकचकीत करायचं काम झुंबरबाईंचं. पण बोअरच्या जड पाण्यात रिठ्याला फेस येईना आणि चांदीवर पांढरे डाग राहायचे. पेढीवाल्या शेठनी बजावलं होतं, पुन्हा डाग दिसले तर काम बंद. म्हणून त्यांना पावसाचं पाणी साठवायला टाकी हवी होती.

बाळासो थेट लालीपाशी गेले. "हीच घिऊया. मोठी हाय, रंग बी झ्याक हाय."

"रंग काय चाटायचाय व्हय?" झुंबरबाई म्हणाल्या. "आत काय हाय ते बघूया की."

त्यांनी खाली बसून आपल्या पायांतली दोन्ही पैंजणं काढली. दोऱ्याला बांधून एक लालीच्या पाण्यात सोडलं, एक माझ्या. आकाराम मिस्त्री हसून म्हणाले, "वैनी, टाकी घ्यायची हाय का टाकीचं लगीन लावायचं हाय?"

"तुमी पैंजणांवर ध्यान ठेवा, मिस्त्री. आमी अंबाबाईला जाऊन येतो."

ती दुपार काही केल्या सरेना! मी ते पैंजण नुसतं जपत होते. दोघं परत आले. लालीतलं पैंजण वर आलं, तर त्याच्या घुंगरांत गंजाचं तांबूस कीट बसलेलं. मग माझा दोरा ओढला.

"अगं बया! गेलतं तसंच आलं की!" झुंबरबाई ओरडल्या. बाळासो टेम्पो बघायला गेले. मी जिंकले, मित्रांनो!

हुपरीत घराच्या पत्र्याला पन्हळ लावली आणि तिचा पाइप माझ्या तोंडात सोडला. झुंबरबाईंनी पाइप वळवून सुरुवातीचा पाऊस मात्र बाहेर जाऊ दिला. छपरावर भट्टीची काजळी होती ना! शेजारच्या धोंडुबाई हसल्या, "टाकी आणली आन् पाणी गटारीत!" छप्पर धुऊन निघाल्यावर पाइप माझ्याकडे वळला. धो धो पाणी आलं आणि मी अशी घुमले की गल्लीतली पोरं धावत आली. त्या पाण्यात रिठ्याला हा एवढा फेस आला! शेठनी माल पारखला, बाहीला घासून पाहिला आणि दुप्पट चांदी कामाला पाठवली. दुसऱ्या दिवशी धोंडुबाई टाकीवाल्याचा पत्ता विचारायला आल्या.

पुढे गल्लीत नळ आला. नळाचं पाणी सोयीचं म्हणून माझी आठवण कमी झाली. पन्हळीत पाला कुजला, माझं झाकण वाकलं. एक दिवस बाळासोंनी भंगारवाल्यालाच बोलावलं. त्याची गाडी दारात येऊन उभी राहिली.

"थांबा," त्यांची मुलगी स्नेहल म्हणाली. आता पैंजणांचं काम तीच बघायची. तिने आईचं पैंजण मागून घेतलं आणि दोऱ्याने माझ्यात सोडलं. बऱ्याच वेळाने वर काढलं, तर काळपट! मला रडू कोसळायचंच बाकी होतं.

"बघ, सांगत हुतो की," बाळासो म्हणाले.

"टाकीनं काय केलंय?" झुंबरबाई कडाडल्या. "पन्हळ साफ करायचं काम कुणाचं हुतं? तुमचंच की!"

भंगारवाला चहा पिऊन रिकाम्या गाडीने गेला. स्नेहल ओढणी खोचून माझ्यात उतरली आणि काथ्याने मला आतून लख्ख घासलं. बाळासो शिडी लावून पन्हळीवर चढले.

तेव्हा मित्रांनो, एखादी जुनी वस्तू बिघडलीशी वाटली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आपली पन्हळ तेवढी बघा. आम्हाला थोडी निगा पुरते.

त्या पावसाळ्यात मी पुन्हा काठोकाठ भरले. झुंबरबाई आल्या, पायांतली पैंजणं काढली आणि दोऱ्याला बांधली. या वेळी दुसरी टाकी नव्हती. दोन्ही पैंजणं त्यांनी माझ्यातच सोडली.