मुआंच्या घरातला थोरला

"तुम्ही मारलं का?" वकील ऑस्टबीबाईंनी पुन्हा विचारले.

मी ते नेंग शूला आमच्या भाषेत सांगितले. त्याने मांडीवरची टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली. "काका, त्यांना सांगा, मी कबूल केलंय."

"कबूल केलंत ते दिसतंय मला. खुर्ची कुणी मारली ते विचारतेय."

"खुर्ची होय? ती कोंगनं मारली."

मी हे इंग्रजीत सांगितले आणि वकीलबाईंचे लिहिणे थांबले. मला वाटले, माझेच काहीतरी चुकले. मी जन्मभर एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके लावली. कोर्टाची भाषा मला वाचून कळते, बोलायला गेलो की अडखळतो. नेंग शू माझा शेजारी. हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ हटवणारी गाडी चालवतो. कामापुरते इंग्रजी त्याला येते, पण वकिलाकडे जायचे म्हणून त्याने मला सोबत घेतले होते. माझ्यापेक्षा बरा माणूस त्याला मिळाला असता, हे मला तिथे बसल्यापासून वाटत होते.

"कोंग कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

"मग शिक्षा तुम्हाला कशी झाली?"

नेंग शू माझ्याकडे पाहू लागला. लाओसच्या डोंगरांतून अमेरिकेत आलेल्या आम्हा ह्मोंग लोकांत कुणी हा प्रश्न विचारला नसता. मी जमेल तसे सांगत गेलो.

नऊ वर्षांपूर्वी नेंग शूच्या धाकट्या मुलीच्या जन्माचा विधी होता. गॅरेजमध्ये टेबले मांडली होती, उकडलेल्या कोंबड्या होत्या, बिअर होती. गाण्याच्या माइकवरून कोंगची आणि टोऊ लोरची जुंपली. कोंगने घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि टोऊच्या तोंडावर मारली. जबडा मोडला. टोऊ हा नेंग शूच्या बायकोचा, माई यियाचा, सख्खा भाचा. कुणीतरी फोन केला, पोलीस आले, कुणी मारले म्हणून विचारू लागले. नेंग शू पुढे झाला. वडील वारले होते, मुआंच्या घरातला थोरला तोच. घरातल्या कुणाच्या हातून काही घडले तर आमच्यात थोरल्याने पुढे व्हायचे असते. काही दिवसांनी तो लोरांच्या घरी गेला, दारूचे दोन पेले भरले, गुडघे टेकले. लोरांनी पेले रिकामे केले. प्रकरण मिटले. पुन्हा कुणी त्याचे नाव काढायचे नाही, असा दोन्हीकडून शब्द झाला.

त्यानंतर कोर्टात बोलावणे आले. सरकारने दिलेला वकील म्हणाला, कबूल केलंत तर आजच घरी जाल. जे एकदा लोरांसमोर केले तेच आता न्यायाधीशासमोर करायचे आहे, असे नेंग शूला वाटले. त्याने कबूल केले. एक वर्षाची कैद सुनावली आणि ती स्थगित ठेवली. रात्रीचे जेवण तो घरीच जेवला.

"म्हणजे सगळेच खोटं बोलले?" बाईंनी विचारले.

नेंग शूला हा शब्द लागला. "खोटं कोण बोललं? कोंगनं मारलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. टोऊलासुद्धा. त्याला वडिलांनी सांगितलं, त्यांचा थोरला पुढं आलाय, आता तू गप्प बस."

"आणि कोर्टाला?"

"कोर्टाला काय करायचंय आमच्या घरचं?"

हे मी जरा मऊ करून सांगितले.

बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत सावकाश बोलू लागल्या. कैद स्थगित असली तरी परदेशी माणसाच्या बाबतीत ते वर्ष पूर्ण भोगल्यासारखेच धरतात. मारहाण आणि वर एक वर्षाची शिक्षा, एवढ्यावर इथे कायम राहायचा हक्क काढून घेता येतो. इतकी वर्षे कुणी पाहिले नव्हते. आता इथे राहायचे कार्ड नवे करायला त्याने बोटांचे ठसे दिले आणि ते जुने प्रकरण वर आले.

"आणि मग?" नेंग शूने विचारले.

"मग लाओसला पाठवतील."

"लाओसला? मी लाओस बघितलाच नाही. माझा जन्म थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीतला."

"थायलंड तुम्हाला आपलं मानत नाही."

"मग लाओस मानतो का?"

बाईंनी फायलीतले पान उलटले. त्यांनी विचारले, "भाऊ कुठे जन्मला?"

"इथंच. सेंट पॉलमध्ये."

"म्हणजे त्याने स्वतः कबूल केलं असतं तर शिक्षा झाली असती, पण जन्माने नागरिक म्हणून त्याला या देशातून कुणी हलवू शकलं नसतं."

हे वाक्य मी आमच्या भाषेत दोनदा सांगितले. पहिल्यांदा सांगितल्यावर मलाच वाटले की मी उलटे सांगितले.

उपाय एकच होता. कबुलीचा परिणाम काय होईल हे त्या वकिलाने सांगितले नाही, म्हणून प्रकरण पुन्हा उघडा, असा अर्ज करायचा. त्याला कोंगचे आणि टोऊचे शपथेवरचे म्हणणे जोडायचे. उशीर फार झाला होता. न्यायाधीश ऐकतीलच याची खात्री बाईंना नव्हती. पण त्या दोघांनी लिहून दिले नाही तर अर्जात काही दम नाही, असे त्या म्हणाल्या.

"पण ते मिटलंय," नेंग शू म्हणाला. "मिटलेलं उघडायचं म्हणजे मी शब्द मोडायचा."

बाईंनी मला विचारले, तो काय म्हणतोय. मी म्हणालो, विचार करतोय.

परत येताना रस्त्याच्या कडेला काळवंडलेले बर्फाचे ढीग होते. नेंग शू त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "काका, लाओसला बर्फ पडतो का हो?"

"नाही."

"तुम्ही होतात ना तिकडं?"

"होतो. तरुण होतो तेव्हा. आता जे आठवतं ते पाहिलेलं की नंतर वाचलेलं, ते मला सांगता येत नाही."

"बर्फ नाही म्हणता. मग मी तिथं काम काय करणार?" तो थोडा हसला. मलाही हसू आले, आणि मग हसल्याचे वाईट वाटले.

घरी माई यियाने चिकट भात आणि मोहरीची भाजी पुढे ठेवली आणि सगळे ऐकून घेतले. "कधीची सांगतेय, परीक्षा द्या, नागरिक व्हा. मी दिली की नाही? ह्यांचं आपलं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करायची म्हटलं की नेमका बर्फ पडायचा."

"पडायचाच," नेंग शू म्हणाला.

"उन्हाळ्यातसुद्धा?"

कोंग टायरच्या दुकानातून तसाच आला होता. काळ्या हातांनी दारातच उभा होता. "दादा, मला कुणी बाहेर काढू शकत नव्हतं, तर तू मध्ये पडलासच कशाला?"

"तुला वाचवायला."

"कशापासून?"

नेंग शूने भाताचा गोळा केला, पण तोंडात घातला नाही. "ते तेव्हा मला माहीत होतं," तो म्हणाला.

"मी उद्या जाऊन लिहून देतो."

"तू देशील. टोऊचं काय? त्याच्या वडिलांना विचारल्याशिवाय तो लिहायचा नाही. आणि त्यांना विचारायचं म्हणजे मिटलेलं उघडायचं."

"मग मी विचारतो."

"तुला विचारता येतं का?" माई यिया म्हणाली. "लग्नात पाहुण्यांना गुडघे टेकून नमस्कार करायला लागलास तर मागच्या मागं पडला होतास."

रविवारी आम्ही वांग चेर लोरकडे गेलो. तो टोऊचा बाप, माई यियाचा थोरला भाऊ. कोंगला नेंग शूने गाडीतच बसवले. मला का आत नेले, कोण जाणे. दोन्ही कुळांच्या बाहेरचा एक म्हातारा असावा, अशी रीत आहे. वांग चेर थाई मालिका बघत होता. त्याने आवाज बंद केला, चित्र चालू ठेवले आणि सगळे ऐकले.

"जावईबापू," तो म्हणाला, "मी तेव्हा पेला रिकामा केला. आता माझ्याच पोरानं लिहून द्यायचं की तुम्ही मारलं नाही. मग मी माफ कुणाला केलं?"

"मला केलंत."

"तुम्ही तर मारलंच नव्हतं."

"ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं. लिहिलं की माझी माफी गेली कुठं?" त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, मला कळत नाही. ते खरेच होते.

वांग चेरने बराच वेळ पडद्यावरच्या बोलणाऱ्या तोंडांकडे पाहिले. "माझ्या बहिणीचा नवरा परमुलखात जाऊन बसलेला मला नको. टोऊ लिहून देईल. पण ज्यानं मारलं त्याला अजून कुणी माफ केलेलं नाही. त्याला आत बोलवा."

कोंग आला. हात त्याने घासून धुतले होते, तरी नखांत काळे होतेच. त्याने दोन पेले भरले, थोडी दारू सांडली. कोणता गुडघा आधी टेकायचा, असे त्याने डोळ्यांनीच भावाला विचारले. नेंग शूने खाली बसून दाखवले, आणि दाखवता दाखवता स्वतःही त्याच्या शेजारी टेकून हात जोडून बसला.

"तुम्ही उठा," वांग चेर म्हणाला. "हे तुमचं नाही."

नेंग शू उठला. लोरांच्या बाजूला सोफ्यावर जागा होती, पण तो जावई, आणि आज मुआंच्या बाजूचा. कोंगच्या मागे उभे राहावे, तर हे तुमचं नाही म्हणून तिथूनच उठवले होते. तो दोन पावले इकडे आला, दोन तिकडे. माझ्याकडेही त्याने पाहिले; मी सरकून जागा केली, ती त्याच्या लक्षात आली नाही.

शेवटी तो दाराशी, काढून ठेवलेल्या बुटांजवळ जाऊन उभा राहिला. कोंग वाकला, बोलू लागला आणि मध्येच अडला. दाराशी नेंग शूचे ओठ हलत होते. पुढचे शब्द तो आवाज न करता म्हणत होता, आणि कोंगची तर त्याच्याकडे पाठ होती.