मांगरातली कढई

मी कढई बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, मांगरातली. धामापूरच्या या घरामागे नारळ आणि जळाऊ लाकडं ठेवायला एक कौलारू मांगर आहे, तिथे माझा मुक्काम. घरातली भांडी मला आपल्यात मोजत नाहीत. मोजेनात का. माझंही त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही.

गंगारामने मला सावंतवाडीच्या बाजारातून आणलं. त्याला डुकराचं मटण फार आवडायचं. पण त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं, मासे चालतील, कोंबडी चालेल, हे मात्र घरात नाही आणि घरच्या भांड्यात नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांत हा रिवाज आहे. मग गंगाराम मांगरात तीन दगड मांडून मला चढवायचा. त्याचा मुलगा सत्यवान शेजारी बसून फुंकणीने जाळ फुलवायचा, आणि बापलेक माझ्यातूनच जेवायचे. ते दिवस आठवले की माझा तळ अजून गरम होतो.

गंगाराम गेला आणि सत्यवानने ते मटणच सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, एकट्याच्या घशाखाली उतरेना. मी कोपऱ्यात पडले. एका खुडूक कोंबडीने माझ्यात बसून सात पिल्लं काढली. तिच्या उबेत मला जाळाची स्वप्नं पडायची. खरं सांगते, इतकी वर्षं झोपेत गेली की पुढे घडलं तेही मला अधूनमधून स्वप्नच वाटतं.

सत्यवानची मुलगी तन्वी जपानी भाषा शिकली. तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी तिला मिळाली. सत्यवानने एकच विचारलं, "थंय तू काय खातलंस?" आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. महिना गेला. निघायला आठ दिवस उरले. लाकडं न्यायला आलेल्या आईला, जानकीला, ती म्हणाली, "बाबा बोलल्याशिवाय माझो पाय निघाचो नाय गो आई."

त्या रविवारी दुपारी तन्वी मालवणातून डुकराचं मटण घेऊन आली. तिकडे भातावर मटण घालून वाडगाभर खातात, तेच करून बापासमोर ठेवायचं तिने ठरवलं होतं. जानकीने सासूचाच नेम पुढे चालवला. "घरात नाय हां," ती म्हणाली. "काय ता मांगरात कर."

तन्वीने मला राखेने घासलं. मटणाचे पातळ काप माझ्यात पडले, चरबी सुटली, आणि मी जागी झाले. मग कांदा, आलं, सोया सॉस, साखर. असा गोड-खारट वास माझ्या अंगाला कधी लागला नव्हता. धूर कौलांतून हळूहळू वर जात होता. त्यात मला गंगाराम उकिडवा बसलेला दिसला म्हटलं तर हसाल.

शेजारच्या चुलीवर जपानी तांदूळ शिजत होता. एकच पाकीट, मुंबईहून मागवलेलं. हा भात चिकटच व्हावा लागतो, तरच तो जेवायच्या काड्यांनी उचलता येतो. तन्वी वाडगा आणायला घरात गेली, आणि नेमका सत्यवान नारळ घ्यायला आत आला. टोपात पाणी खदखदताना दिसलं. जन्मभर हाताला एकच सवय, भाताचं वरचं पाणी, म्हणजे पेज, काढायची. त्याने झाकण धरून टोप कलता केला आणि सगळी पेज शेजारच्या रिकाम्या तवलीत काढून मोकळा झाला.

तन्वी परत आली. शितं सुटी सुटी झालेली बघून तिथेच खाली बसली आणि रडू लागली.

सत्यवानला काय झालं ते कळेना. "अगो, पाणी दिसला म्हणान काढलंय," तो म्हणाला. "माका काय ठावक?"

महिन्याभरानंतरचे हे पहिले शब्द, तेही चुकीची कबुली देणारे. तन्वीने डोळे पुसत सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने तवली उचलली आणि ती पेज माझ्यात ओतली. "माझो बापूस हेच्यात पेज घाली," एवढंच म्हणाला. रस दाट झाला, चकाकला, आणि भातावर घातल्यावर सुटी शितं एकमेकांना धरून बसली.

पहिला घास त्याने केळीच्या पानावर बाहेर ठेवला, बापासाठी. दुसरा स्वतः खाल्ला. बराच वेळ चावत होता.

"थंय भाताची पेज काढतत?"

"नाय, बाबा."

"मगे जाताना घरचे उकडे तांदूळ घेवन जा."

‘जाताना’ हा शब्द त्याच्याच तोंडून आला. मी ऐकलं, आणि तन्वीनेही ऐकलं.

ती गेली. मी अजून मांगरातच आहे, पण रविवारी सत्यवान मला चुलीवर ठेवण्याआधी तिचा फोन लावतो आणि माझ्या कानाला टेकवून उभा करतो. गेल्या रविवारी ती सांगत होती, एक आजी जेवतच नव्हती, शेवटी दोन वाट्या प्याली. काय प्याली, सत्यवानने विचारलं.

"पेज, बाबा. भात मऊ शिजवन केलेली. हंयसर म्हाताऱ्यांक पेजच देतत."

सत्यवानने फुंकणी उचलली. फोन बंद झाल्यावरही फुंकणी हातात धरून बसून राहिला. तुमच्याकडे असं वेगळं ठेवलेलं एखादं भांडं असेल, तर बाबांनो, भंगारात देऊ नका. एवढंच सांगायचं होतं. जाळ झाला वाटतं, तळ तापायला लागलाय.