बंबवाल्याचं नाक

"लेकराला रोज त्याच एका माणसाची चित्रं दाखवून भरवू नकोस, उमा. लळा लागतो, आणि माणसं काही कायमची नसतात," माई म्हणाल्या होत्या. उमाने सासूबाईंचं बोलणं या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. चित्रातल्या माणसाला काय धाड भरणार होती?

पुस्तकं मोरिवलीच्या कारखान्यातून आलेली. तिथल्या बेल्जियन मशिनी तपासायला वर्षातून एकदा तिकडचा इंजिनियर येई आणि उमाच्या नवऱ्याला, श्रीपादला, एक चित्रकथा देऊन जाई. नायक शिडीला घाबरणारा बंबवाला. आग तिसऱ्या मजल्यावर, हा खालूनच लोकांना धीर देणार. चित्रं काढणारा मार्सेल बोदार. उमाने कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं. मलपृष्ठं वाचून तिने त्याची कुंडली मांडली. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग साप्ताहिकात कोपऱ्यातलं अर्धं पान, पंचेचाळिशीला पहिलं पुस्तक, पुढे दरसाल एक. बायकामुलांचा उल्लेख कुठेच नव्हता.

लेकीच्या, सोनीच्या अंगी अन्न लागत नाही म्हणून उमाचा जीव सदा टांगणीला. पण पुस्तक उघडलं की घास काऊचा, घास चिऊचा, घास बंबवाल्याचा, ताटली साफ.

ब्याण्णव सालचं पुस्तक उघडलं आणि सोनीने तोंड मिटून घेतलं.

"हा तो नाहीये."

"अगं, तोच आहे. शिडी बघ ना."

"नाक दुसऱ्याचंय."

श्रीपाद म्हणाला, कणकण असेल, डॉक्टरला दाखवू. उमाने जुनी पुस्तकं शेजारी मांडली. पोर बरोबर होती. बोदार नाक एका फटकाऱ्यात काढायचा; हे गिरवून, जपून काढलेलं. आधीच्या दोन पुस्तकांत रेघ थरथरत होती. तेव्हा उमाला वाटलं होतं, बंबवाला घाबरलाय ते दाखवलंय. त्यावर ती मनापासून हसलीही होती.

पुढल्या खेपेला इंजिनियर जेवायला आला तेव्हा तिने विषय काढला. पोळी वरणात बुडवत त्याने सांगितलं की बोदारचे हात कापतात, प्रकाशकाने तरुण पोरं बसवलीत, नाव तेवढं त्याचं. नामूरला स्टेशनामागे एकटाच राहतो, दार उघडत नाही म्हणतात.

"कोणी जातं का बघायला?"

त्याने खांदे उडवले आणि पापड आणखी मागितला.

उमाने प्रकाशकाला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा छापील आभाराचं कार्ड आलं. त्यावर बंबवाला, नव्या नाकाचा. सोनी जुन्या पुस्तकांवर जेवू लागली. तो प्रश्न मिटला. दुसरा मिटला नाही.

मोरिवलीतून दरवर्षी दोघंतिघं तिकडे ट्रेनिंगला जातात. तुमच्या घरचं कोणी निघालं असेल तर तेवढं त्याला सांगा. नामूरला स्टेशनामागे बोदारचं घर विचारायचं, बेल वाजवायची, आणि लगेच मागे फिरायचं नाही. म्हाताऱ्याला उठून दारापर्यंत यायला वेळ लागत असेल.