योग्य ती कार्यवाही

जिन्याचा कठडा हलतोय, हे इमारतीत कोणाला माहीत नव्हतं? येताजाता सगळे तो हलवून बघत, 'कधीतरी कुणाचा तरी जीव जाणार' असं म्हणत आणि आपापल्या दारांना कड्या लावून घेत. तक्रार लिहिली ती फक्त मास्तरांनी. शाळेत भाषा शिकवणारा माणूस! 'अनास्थेची कीड', 'झोपी गेलेली व्यवस्था' अशी पानभर आतषबाजी करून शेवटी त्यांनी लिहिलं, 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.'

बायकोने पत्र वाचलं. "अहो, छान आहे. पण यात कठडा कुठे आहे?"

"तो ओघात आलाय," मास्तर हसले. "तुला नाही कळायचं ते."

यथावकाश वसाहतीच्या कार्यालयाचं उत्तर आलं, 'आपल्या पत्रावर योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.' मास्तरांनी ते शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवलं. कठडा मात्र हलतच राहिला. एका सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्यांची बायको गच्चीकडे निघाली. पाय घसरला म्हणून तिने कठडा धरला, आणि तो तिच्यासकट खाली गेला.

ती गेली. माणसं भेटून गेली, घर खायला उठलं. मास्तर पुन्हा कागद घेऊन बसले. 'खुन्यांनो' अशी सुरुवात केली. त्यांची थोरली बहीण, अक्का, सोबतीला राहिली होती. एका कार्यालयात आलेली पत्रं उघडण्यात तिची नोकरी सरली होती. तिने कागद वाचून खाली ठेवला.

"हेही फायलीत जाईल रे."

"अक्का, माझी बायको गेली! आणि तू मला पत्र लिहायला शिकवतेस?"

"माझी भावजय नाही का गेली?" अक्का म्हणाली. "अरे, शिव्यांचं पत्र बाजूला पडतं आणि मोघम पत्राला मोघम उत्तर जातं. योग्य काय, हे तू त्यांच्यावरच सोपवलंस. त्यांना फायलीला लावणं योग्य वाटलं!"

"म्हणजे मीच मारलं तिला?"

"नाही रे राजा. कठडा त्यांनी दुरुस्त करायचा होता, दोष त्यांचाच. पण त्याच जिन्यात अजून पोरं खेळतात. काय तुटलंय, कुठे, कोणी आणि कधीपर्यंत दुरुस्त करायचं, तेवढं लिही. पोच घे. उत्तर नाही आलं तर पुन्हा जा."

'यात कठडा कुठे आहे?' मास्तरांच्या कानात तोच प्रश्न घुमला. अरे देवा! तिला कळलं होतं! ते ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसून त्यांनी लिहिलं, 'आमच्या जिन्याला दुसऱ्या मजल्यावर कठडा नाही. तिथून पडून माझी पत्नी वारली. दुरुस्ती विभागाने या आठवड्यात तिथे लोखंडी कठडा बसवावा व तसं मला लेखी कळवावं.' खाली सगळ्या बिऱ्हाडांनी सह्या केल्या.

त्याच आठवड्यात कठडा बसला! मास्तरांनी तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलेना. ते तिथेच पायरीवर बसून राहिले.

मंडळी, आपला राग खरा असतो, पण रागाने खिळा ठोकला जात नाही. काय हवं ते नेमकं मागा, आणि मिळेपर्यंत पाठ सोडू नका.

मास्तर आता वर्गात पत्रलेखन शिकवताना 'योग्य ती कार्यवाही' फळ्यावर लिहितात आणि खोडतात. मग म्हणतात, "पत्र लिहून झालं की घरातल्या माणसाला वाचायला द्या. आणि ते काय विचारतं, ते ऐका रे बाळांनो."