दुपारभर गप्प

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला की स्कॅन सेंटरच्या बाहेरच्या खोलीतले पेशंटही श्वास रोखून धरत, कोणी न सांगता! बाई मनाने वाईट नव्हत्या. पण कोणाची चूक दिसली की चारचौघांत त्याचा पाणउतारा ठरलेला. त्यांचा एक नियम होता. तक्रार कोणाचीही असो, ती काउंटरवरच मिटली पाहिजे. "माझ्या टेबलापर्यंत आली, तर याद राखा!" असं एखादं माणूस तुमच्याही घरात किंवा कचेरीत असेलच.

काउंटरवरची मुलगी इतकी हळू बोले, की सगळे तिला चिमणी म्हणत. त्या सकाळी तिच्यासमोर शिवणकाम करणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या फुप्फुसात गाठ दिसली होती. सर्जनने सांगितलं होतं, "जुना स्कॅन आणा. गाठ तेव्हाही एवढीच असेल, तर सुरी लावायची गरज नाही. स्कॅन नसेल, तर मी वाट बघत बसणार नाही." इथेच काढलेल्या त्या स्कॅनची मावशींकडची सीडी घर बदलताना गहाळ झाली होती.

"तुमच्याकडे कॉम्प्युटरवर असेल ना गं?"

"असणारच, मावशी. गर्दी ओसरली की शोधते. संध्याकाळी या."

मावशी हुश्श करून गेल्या, आणि थोड्या वेळाने एक मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव होतं. विषय होता, 'तातडीचे! तुमच्या चुकीच्या रिपोर्टमुळे रुग्ण दगावला. तासाभरात उत्तर द्या, नाहीतर कारवाई.' सोबत एक फाइल.

चिमणीने विषय पुन्हा वाचला. तक्रार! आणि तीही अशी! बाईंच्या कानावर जायच्या आत निस्तरायला हवी, एवढंच तिला सुचलं. तिने फाइल उघडली. स्क्रीन क्षणभर लुकलुकला आणि पूर्ववत झाला. फाइलमध्ये काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं, हेच तिला खटकलं. तिने बाईंच्या बंद दाराकडे पाहिलं. सांगावं का? आतून कोणाची तरी हजेरी घेतल्याचा आवाज येत होता. ती गप्प बसली.

दुपारी कॉम्प्युटर रेंगाळू लागला. आतला पंखा दम लागल्यासारखा घरघरत होता. एका पेशंटचा स्कॅन उघडेना, मग दुसऱ्याचा. फाइलींच्या नावांना भलतीच अक्षरं चिकटली होती. तरी चिमणीने पेशंटना हसून सांगितलं, "मशीन जरा हळू चाललंय." कोणीतरी आत बसून एकेक खोलीला कुलूप घालत पुढे सरकत होतं, आणि बाहेर तिचं हसणं चालूच होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत स्क्रीन काळा झाला. त्यावर खंडणीची मागणी उमटली: फाइली परत हव्या असतील, तर पैसे भरा.

बाईंनी धाकट्या दिरांना बोलावलं. ते एका बँकेत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम पाहत. त्यांनी टेबलामागे वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. स्कॅनची प्रत ठेवायची डिस्क कायमची त्याच कॉम्प्युटरला जोडलेली होती. काढली तर परत लावायला विसरतात, म्हणून बाईंचाच तसा हुकूम होता. तिच्यावरचं सगळंही गेलं होतं.

"फाइल कधी उघडली?" चिमणीने मेलचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं.

"सकाळी," चिमणी पुटपुटली.

"सकाळी? आणि आत्ता सांगतेस?" बाई कडाडल्या. "अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"वहिनी, पुरे!" दीर पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवत होते. त्यांनी तोच मेल मोबाइलवर उघडून दाखवला. "हे बघा. नाव हॉस्पिटलचं, पण खालचा पत्ता? भलतीच अक्षरं. पेशंटचं नाव कुठेच नाही. आणि ही तासाभराची घाई कशाला? माणसाने विचार करू नये म्हणून! अशा वेळी फाइलला हात न लावता हॉस्पिटलला सरळ फोन करायचा."

"हेच हिला कळायला नको?"

"कोणी शिकवलं होतं? आणि शिकवूनही चूक होते, आमच्या बँकेतही होते. पण हिने त्याच क्षणी हाक मारली असती, तर नेटची वायर उपटून डिस्क काढता आली असती. जुने स्कॅन बहुधा वाचले असते. हिला चोरापेक्षा तुमची भीती जास्त वाटली, वहिनी!"

तेवढ्यात दारात मावशी उभ्या राहिल्या. "सापडला का गं स्कॅन?"

चिमणी रडू लागली. बाई पुढे झाल्या. "नाही, मावशी. गेला तो. चूक हिच्या एकटीची नाही, माझी आहे."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला.

बऱ्याच दिवसांनी मावशी आल्या. पायऱ्या चढताना दम लागला म्हणून मध्येच थांबल्या, मग खुर्चीत टेकल्या. "गाठ साधी निघाली हो! जुनीच असावी, म्हणाले. सुटले मी!"

सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. बाईंना मात्र हसता येईना. गाठ साधी होती. जुना स्कॅन असता तर सुरी लागलीच नसती. मावशी आनंदाने सांगत होत्या, की आता शिवणयंत्र पायाने फार वेळ चालवता येत नाही, पण जीव वाचला. बाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. मावशींनी आपला हात सोडवून घेतला. मग उठल्या आणि सावकाश पायऱ्या उतरून गेल्या.

बाईंनी सगळ्यांना बोलावलं. "डिस्क रोज काम झालं की काढून कपाटात जाईल. आणि एक ऐका. कोणाकडूनही काही भलतं उघडलं गेलं, तर तिथूनच ओरडा. मी पेशंटसोबत असले तरी ओरडा. त्या ओरडण्यासाठी इथे कोणाला शब्दही ऐकावा लागणार नाही!"

मित्रहो, अनोळखी मेलमधली फाइल उघडू नका, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ज्याचं नाव दिसतं त्याला फोन करून विचारा. हे तर कराच. पण तुमच्या घरात, तुमच्या हाताखाली असं कोणी आहे का, जे आत्ता या क्षणी तुमच्या भीतीने काहीतरी दडवून बसलंय? त्यांना आजच सांगा, की चूक झाली तर मला हाक मार, मी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.